बंड कुणाचे, कौल कुणाचा?

पक्षाच्या नेतृत्वाला पक्षातूनच आव्हान मिळावे यात लोकशाहीला न शोभणारे असे काही नाही. उलट, ज्या पक्षात वर्षानुवर्षे एकही वेगळा सूर उमटत नाही तो पक्ष एकजीव नसून बहुधा निर्जीव असतो, असाच जगाचा अनुभव आहे. तेव्हा आक्षेप आव्हानाला नाही. ते कोठे दिले जाते, कोणासमोर दिले जाते आणि त्याचा निवाडा कोण करतो, हा खरा प्रश्न आहे. पक्षाच्या सभेत, सभासदांच्या देखत, मते मोजून नेता बदलला जातो तेव्हा त्याला नेतृत्वाची निवड म्हणतात. विधानसभेच्या आवारात वा परमुलखातील एखाद्या हॉटेलात शिरगणती करून तो बदलला जातो तेव्हा त्या व्यवहाराला दुसरे नाव द्यावे लागते. गोमंतकाच्या वाट्याला मुक्तीनंतर बहुतेक वेळा हा दुसरा प्रकार आला. त्याने सरकारे किती पडली याची मोजदाद पुष्कळांनी केली आहे. मतदाराच्या मनात काय पडले, याचा हिशेब मात्र अद्याप कोणी नीट मांडलेला नाही.

हा हिशेब महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षापासूनच मांडावा लागेल. १९६३ च्या डिसेंबरात झालेल्या पहिल्या निवडणुकीत कै. भाऊसाहेब बांदोडकरांच्या मागे जो समाज उभा राहिला, तो कोणा एका उमेदवाराच्या मोहाने नव्हे. कुळे, मुंडकार, मराठी शाळेची आस धरलेले आईबाप, पिढ्यानपिढ्या भाटकाराच्या दारात पायताण हातात घेऊन उभी राहिलेली माणसे यांना त्या पक्षात आपला आवाज सापडला होता. १९६४ चा कूळकायदा, खेडोपाडी उघडलेल्या प्राथमिक शाळा, पुढे १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कसेल त्याची जमीन ही दुरुस्ती, हे त्या विश्वासाचे फळ होते. विलीनीकरणाचा कौल १९६७ च्या जानेवारीत ३४,०२१ मतांनी विरुद्ध गेला, तरी त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत याच मतदाराने मगोला पुन्हा सत्ता दिली. पक्षाची मुख्य मागणी हरली आणि पक्ष मात्र जिंकला, असे क्वचितच घडते. मतदार आणि पक्ष यांच्यातील नाते त्या काळी किती घट्ट होते हे यावरून कळावे.

या नात्यावर पहिला घाव १९७० साली पडला. मगोच्याच आमदारांच्या एका गटाने भाऊसाहेबांच्या नेतृत्वाविरुद्ध बंड केले. भाऊसाहेबांच्या एकहाती कारभाराविषयी त्या गटाच्या तक्रारी असतील, त्यांतील काही रास्तही असतील. परंतु त्या पक्षाच्या कार्यकर्त्यांसमोर मांडून, त्यांची मते अजमावून, मग जे व्हायचे ते होऊ द्यावे, हा मार्ग दोन्ही बाजूंनी धरला नाही. बंडखोर विधानसभेत संख्या जुळवू लागले आणि सरकार तगले तेही विरोधी बाकांवरच्या काही आमदारांच्या आधाराने. मतदाराने १९७२ साली मगोला तीसपैकी अठरा जागा देऊन या वादाचा निकाल लावला. त्या वेळी तो निकाल स्पष्ट होता, कारण नेता कोण आणि बंडखोर कोण हे मतदाराला समोर दिसत होते, आणि दोघेही आपापल्या नावाने त्याच्यापुढे उभे होते.

१९७९ साली ही स्पष्टता उरली नाही. भाऊसाहेबांच्या निधनानंतर १९७३ च्या ऑगस्टपासून श्रीमती शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होत्या. १९७७ च्या निवडणुकीत मगोला पंधरा जागा मिळाल्या होत्या, म्हणजे तीसच्या सभागृहात बरोबर निम्म्या. नेतृत्वाविषयीचा असंतोष पक्षात धुमसत होता. तो पक्षाच्या अधिवेशनात फुटता तर कदाचित पक्ष वाचला असता. तो फुटला विधानसभेत. तीन आमदार बाजू बदलून गेले, सरकार अल्पमतात आले आणि २७ एप्रिल १९७९ रोजी राष्ट्रपती राजवट लागू झाली. सोळा वर्षांची सत्ता तीन माणसांच्या पावलांनी संपली. १९८० च्या जानेवारीत मतदाराने मगोला अवघ्या सात जागा दिल्या आणि देवराज अर्स यांच्या काँग्रेसला वीस.

पण खरी शोकांतिका पुढे आहे. ज्या काँग्रेसला मतदाराने वीस जागा दिल्या, ती निवडून येताच इंदिराजींच्या काँग्रेसमध्ये गेली. आणि मगोचे जे सात निवडून आले होते, त्यांतील बहुतेकांनी स्वतः शशिकलाताईंसह त्याच वर्षी काँग्रेसची वाट धरली. ज्याने सत्ताधाऱ्यांना शिक्षा केली त्या मतदाराचा पक्ष बदलला, आणि ज्याने निष्ठेने जुन्या पक्षाला मत दिले त्याचाही बदलला. दोघेही आपापल्या घरी बसलेले असताना दोघांचीही मते एकाच गोदामात जमा झाली. शशिकलाताईंनी पुढे वेगळा पक्ष काढला व कालांतराने त्या मगोत परतल्या; पण एकदा तुटलेला विश्वास परतला नाही. कूळ-मुंडकाराच्या मनात पक्ष म्हणजे काय, याविषयी जी एक पवित्र कल्पना होती ती या दीड वर्षात भंगली. आमच्या मते, गोमंतकीय राजकारणाचे पुढचे सारे वळण येथूनच सुरू होते.

पुढचा पट वाचकांस परिचित आहे. १९८९ साली काँग्रेसला वीस, मगोला अठरा असा निकाल लागला आणि १९९० च्या मार्चमध्ये काँग्रेसचे सात आमदार फुटून निघाले. त्यानंतरच्या दशकात मुख्यमंत्र्यांच्या शपथविधींना इतका ऊत आला की राजभवनातील खुर्च्या आवरण्यास सवड मिळेना. १९९८ साली काँग्रेसचे सरकार काँग्रेसमधून फुटलेल्यांनीच पाडले. १९९९ साली एकवीस जागांचे स्पष्ट बहुमत मिळवून आलेले सरकार पाच-सहा महिन्यांत त्याच पद्धतीने गेले. यांतील प्रत्येक प्रसंगी 'नेतृत्वाविरुद्ध असंतोष' हेच कारण सांगितले गेले. परंतु असंतोष नेमका कोणत्या धोरणाबद्दल होता, हे आज त्या बंडखोरांतील एकालाही आठवून सांगता येईल असे आम्हास वाटत नाही.

आता कोणी म्हणेल की यासाठीच १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती करून पक्षांतरबंदीचा कायदा आणला गेला. आणला हे खरे. परंतु त्याने रोग बरा होण्याऐवजी त्याचे रूप पालटले. आरंभी एक-तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना मोकळीक होती. २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने ती वाट बुजवली, पण दोन-तृतीयांश आमदारांनी 'विलीनीकरण' केले तर त्यांना अभय, ही खिडकी उघडीच ठेवली. म्हणजे एखादा आमदार सदसद्विवेकाने एकटा उभा राहून पक्षादेशाविरुद्ध मत देईल तर त्याची आमदारकी जाते. पण टोळीने जातील ते सुरक्षित राहतात. एकट्या भुरट्या चोराला तुरुंग आणि दरोड्याला परवाना, असा हा न्याय झाला. प्रामाणिक मतभेद या कायद्याने गप्प केला आणि घाऊक बंडाला गणित शिकवले.

ते गणित गोमंतकाने पाठ केले आहे. २०१९ च्या मार्चमध्ये मगोच्या तिघांपैकी दोघे भारतीय जनता पक्षात गेले: बरोबर दोन-तृतीयांश. त्याच वर्षी १० जुलै रोजी काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा गेले, आणि त्यांच्या अग्रभागी होते दस्तुरखुद्द विरोधी पक्षनेते: पुन्हा बरोबर दोन-तृतीयांश. तीन दिवसांत त्यांतील तिघे मंत्री झाले. त्यांच्या अपात्रतेचा अर्ज सभापतींनी २०२१ च्या एप्रिलमध्ये फेटाळला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या पणजी पीठापुढे गेले व तेथील निकाल आला २४ फेब्रुवारी २०२२ रोजी. नव्या विधानसभेसाठी मतदान होऊन तेव्हा दहा दिवस लोटले होते! निकाल कोणाच्या बाजूने लागला हा मुद्दा येथे गौण आहे. मतदाराच्या तक्रारीची सुनावणी त्याची पाच वर्षे सरल्यावर पूर्ण होते, हा मुद्दा आहे.

मतदाराने आपला निवाडा मात्र वेळेवर दिला. त्या दहांपैकी २०२२ साली केवळ तिघे पुन्हा निवडून आले. सात घरी बसले. 'आमचे मतदार आमच्या मागे येतात, पक्षाच्या नव्हे' या गुर्मीला याहून चोख उत्तर नसेल. असे असताना सहाच महिन्यांनी, १४ सप्टेंबर २०२२ रोजी, काँग्रेसच्या अकरांपैकी आठ आमदार त्याच वाटेने गेले. निवडणुकीपूर्वी या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ देववली होती. पक्ष सोडताना त्यांतील एका ज्येष्ठाने आपण देवाला पुन्हा विचारले, असे जाहीरपणे सांगितले. आमच्या वाचकांस देवळातील कौल-प्रसादाची रीत सांगायला नको. मनासारखी पाकळी पडेपर्यंत देवाला पुन्हापुन्हा विचारायचे नसते. मतदाराच्या कौलालाही तोच नियम लागू आहे.

सातजणांचा पराभव डोळ्यांपुढे असताना आठजण त्याच वाटेने का गेले? याचे उत्तर सोपे आणि कटू आहे. बंडाचे बक्षीस तीन दिवसांत मिळते व शिक्षा मिळण्यास पाच वर्षे लागू शकतात. त्यातून गोव्याचा मतदारसंघ सरासरी अठ्ठावीस-तीस हजार मतदारांचा. आमदार प्रत्येक वाड्यावर नावानिशी ओळखीचा. लग्नाला येणारा, मयताला येणारा, मुलाच्या नोकरीची चिठ्ठी देणारा. पक्षावरचा विश्वास उडाला की मतदार या ओळखीला धरून राहतो. तो मनाशी म्हणतो, पक्ष आज आहे, उद्या नाही. निदान हा माणूस तरी आपल्या नळाला पाणी आणील. नेतृत्वाच्या या बंडांनी मतदार मतदान सोडून घरी बसला, असे झालेले नाही. २०२२ सालीही सुमारे ७९ टक्के मतदान झाले. मतदार मतपेटीपाशी येतो, पण जाहीरनामा घरी ठेवून येतो. मत हा त्याला सार्वजनिक निर्णय न वाटता खाजगी सौदा वाटू लागतो. आणि ज्या दिवशी मतदार सौदा करू लागतो, त्या दिवशी उमेदवाराने केलेल्या सौद्याला नावे ठेवण्याचा त्याचा अधिकारही दुबळा होतो. लोकशाहीचे याहून मोठे नुकसान आम्हास दिसत नाही.

शेजारच्या महाराष्ट्रात याच रोगाचे आणखी एक लक्षण दिसले. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेत आणि २०२३ च्या जुलैमध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये नेतृत्वाला आव्हान दिले गेले. दोन्ही प्रसंगी निवडणूक आयोगाने नाव व चिन्ह बंड करणाऱ्या गटाला दिले, आणि त्यात मुख्य कसोटी निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या बहुमताची लावली. प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाला नसून राजकीय पक्षाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात बजावले खरे. पण पक्ष म्हणजे आमदार की सभासद, हा मूळ प्रश्न लोकांच्या मनात तसाच राहिला. मग मतदाराने काय केले? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत त्याने अठ्ठेचाळीसपैकी तीस जागा महाविकास आघाडीला दिल्या. सहा महिन्यांच्या आत झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदाराने शिंदे यांच्या शिवसेनेला सत्तावन्न व ठाकरे यांच्या पक्षाला वीस, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला एक्केचाळीस व शरद पवारांच्या पक्षाला दहा जागा दिल्या. या दोन निकालांतून 'जनतेने बंड मान्य केले' किंवा 'अमान्य केले' असा सरधोपट अर्थ काढणारे स्वतःचीच समजूत घालत आहेत. ज्या धनुष्यबाणावर आणि घड्याळावर शिक्का मारण्याची खेड्यातील माणसाला पिढीची सवय झाली होती, ते चिन्ह त्याला न विचारता हस्तांतरित झाले, एवढे मात्र निर्विवाद.

याला पर्याय नाही असे म्हणावे तर आपलाच इतिहास तसे म्हणू देत नाही. १९३९ च्या जानेवारीत काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी सुभाषबाबूंनी गांधीजींच्या पसंतीच्या पट्टाभि सीतारामय्यांशी उघड लढत दिली आणि १५८० विरुद्ध १३७७ मतांनी ती जिंकली. ब्रिटिश सत्ता डोक्यावर असताना पक्षात असे मतदान होऊ शकत होते! पुढे त्रिपुरीस त्या निकालाचा मान राखला गेला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. निवडणूक घेऊन जिंकलेल्याला काम करू न देणे हे निवडणूक न घेण्याइतकेच वाईट. १९६६ साली शास्त्रीजींच्या निधनानंतर इंदिराजी व मोरारजीभाई यांच्यात काँग्रेसच्या खासदारांचे मतदान झाले. ३५५ विरुद्ध १६९ मतांनी मोरारजीभाई हरले. तरी पक्षातच राहिले व पुढल्या वर्षी उपपंतप्रधान झाले. नेतृत्वासाठी लढणे म्हणजे घर सोडणे नव्हे, हे त्या पिढीला ठाऊक होते.

ज्या देशाकडून आपण संसदीय पद्धती उचलली, तेथेही पाहावे. १९९० च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या पंतप्रधान श्रीमती थॅचर यांना त्यांच्याच पक्षातील हेसल्टाइन यांनी आव्हान दिले. पहिल्या फेरीत थॅचरबाईंना २०४ व हेसल्टाइन यांना १५२ मते पडली. नियमाप्रमाणे आवश्यक असलेले मताधिक्य चार मतांनी हुकले आणि दोन दिवसांत त्यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. नवे नेते मेजर झाले. कोणी पक्ष सोडला नाही, कोणाला हॉटेलात कोंडले नाही. १९९२ साली मतदाराने त्याच पक्षाला पुन्हा निवडून दिले. मात्र २०२२ साली त्याच पक्षाने एका वर्षात तीन पंतप्रधान दाखवले, तेव्हा २०२४ साली मतदाराने त्याला १२१ जागांवर आणून बसवले. उघड आव्हान दिले म्हणजे मतदार प्रसन्न होतोच, असे नाही. तो भांडणाचे कारण पाहतो आणि पोरखेळ ओळखतो. पण भांडण उघड्यावर झाले तरच त्याला ते पाहता येते.

यावर आपल्याकडील पक्षनेत्यांचे ठरलेले उत्तर असे की, उघड मतभेदांनी पक्ष दुबळा दिसतो. या युक्तिवादाचा गोमंतकीयांना फार जुना परिचय आहे. सालाझारच्या राजवटीत एकच पक्ष होता व त्यात मतभेद नव्हते. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहियांच्या उपस्थितीत जो सत्याग्रह झाला, तो प्रथमतः सभा घेण्याच्या व बोलण्याच्या हक्कासाठी होता. ज्या हक्कासाठी माणसे तुरुंगात गेली, तो हक्क स्वतंत्र देशातील पक्षाने आपल्याच सभासदाला नाकारावा, आणि मग त्या सभासदाने पाठीमागच्या दाराने पळून जावे, हे दृश्य खेदजनक आहे. बंडखोर दोषी आहेतच. पण ज्या पक्षात पुढचे दार कायमचे बंद असते, त्या पक्षाच्या धुरीणांनी मागच्या दाराबद्दल गळा काढू नये.

उपाय अज्ञात नाहीत. दिनेश गोस्वामी समितीने १९९० सालीच सुचवले होते की पक्षादेशाचे बंधन विश्वास-अविश्वासाच्या व अर्थविषयक मतदानापुरतेच असावे. विधि आयोगाने १९९९ च्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने सक्तीची करावी असे सांगितले. अपात्रतेचा निर्णय सभापतींऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणाने करावा, याचा संसदेने विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या जानेवारीत म्हटले. यांत आम्ही एकाच गोष्टीची भर घालू: विलीनीकरणाची ती खिडकी कायमची बंद व्हावी. ज्याला पक्ष सोडायचा आहे, त्याने आमदारकी सोडावी आणि पुन्हा लोकांपुढे उभे राहावे. हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. २०१७ साली वाळपईत, २०१९ साली शिरोडा व मांद्रे येथे पक्ष बदललेल्या आमदारांनी राजीनामे देऊन पोटनिवडणुका लढवल्या व जिंकल्या. त्यांच्या हेतूंविषयी मतभेद असू शकतील. पण त्यांनी मतदाराला विचारले, आणि मतदाराने उत्तर दिले. मांद्र्यात तर २०२२ साली मतदाराने आपले उत्तर बदललेही. लोकशाहीत एवढेच अपेक्षित असते.

कायदा बदलणे संसदेच्या हाती आहे आणि ती घाई करील असे दिसत नाही. मतदाराच्या हाती जे आहे त्यासाठी मात्र कोणाची परवानगी नको. प्रचाराला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याने दोन प्रश्न विचारावेत. तुझ्या पक्षात नेत्याची निवड शेवटची केव्हा झाली, आणि त्यात तू मत कोणाला दिलेस? उद्या नेता तुला पटला नाही, तर तू आधी कोणाकडे जाशील, आमच्याकडे की दुसऱ्या पक्षाच्या दारात? उत्तर देताना जो अडखळेल, त्याने आणलेल्या नळाच्या पाण्यासाठी आपले मत गहाण टाकू नये. पाणी हा आपला हक्क आहे. त्याची किंमत आपण कररूपाने आधीच चुकवलेली असते. मत हीच एक वस्तू अशी आहे की जी दिल्यावर पाच वर्षे परत मागता येत नाही. म्हणूनच ती देताना माणसाबरोबर त्याचा शब्दही पारखून घ्यावा लागतो.